गोष्टीवर भाळलेलं गाव

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मेयो परगणा. शरदातली संध्याकाळ. एका कळकट गुत्त्यात चिखलाने माखलेला, भेदरलेला तरुण शिरतो आणि थोड्या वेळाने सांगतो की मी माझ्या बापाला मारून आलोय. त्यावर कोणी पोलिसांना बोलवत नाही, कोणी दाराकडेही सरकत नाही. गुत्त्याचा मालक त्याला नोकरीवर ठेवतो, मालकाची मुलगी त्याच्यापुढे पाव आणि दूध ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पोरी बदकाची अंडी, लोणी, उकडलेली कोंबडी घेऊन त्याला बघायला येतात.

जॉन मिलिंग्टन सिंग याच्या 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या तीन अंकी नाटकाची ही सुरुवात. 26 जानेवारी 1907 रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्या आठवड्यात शहरात दुसरा विषय उरला नाही. त्यानंतर हे नाटक थांबलेलं नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने डिसेंबर 2025 मध्ये ते पुन्हा उभं केलं. बापाच्या खुनाच्या फुशारकीवर बेतलेली ही विनोदी गोष्ट शंभराहून अधिक वर्षं शिळी का होत नाही, याची उत्तरं पुष्कळांनी दिली आहेत. ती सगळी सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे त्या आठवड्यातला दंगा. शनिवारी पहिल्या प्रयोगाचे दोन अंक बरे गेले. तिसऱ्या अंकात नायकाच्या तोंडी बायकांच्या आतल्या झग्याचा उल्लेख आला आणि प्रेक्षागृहात आरडाओरडा सुरू झाला. नायकाचं काम करणाऱ्या विली फे याने संहितेतल्या मोघम बायकांच्या जागी थेट मेयोच्या पोरींचं नाव घेतलं, असं सांगतात. ते खरं असेल तर आगीत तेल त्यानेच ओतलं. थिएटरच्या तीन संचालकांपैकी लेडी ग्रेगरी तिथे हजर होती, सिंगही होता. तिसरा, कवी येट्स, व्याख्यानासाठी स्कॉटलंडला गेला होता. ग्रेगरीने त्याला आधी नाटक उत्तम चालल्याची तार केली आणि काही वेळाने दुसरी, गोंधळाची. सोमवारी लोक तयारीनेच आले. पत्र्याचे कर्णे, पाय आपटणं, घोषणा. नटांनी उरलेलं नाटक जवळजवळ मूकाभिनयात पार पाडलं. मग पोलीस आले. ग्रेगरीच्या भाच्याने नाटकाच्या बाजूने ट्रिनिटी कॉलेजची पोरं आणली, ती पिऊन आली आणि त्यांनी ब्रिटिश राष्ट्रगीत म्हटलं. आयरिश राष्ट्रवाद्यांना शांत करायला याहून वाईट उपाय सापडला नसता. येट्स परतला, त्याने नाटक मागे घ्यायला नकार दिला आणि 4 फेब्रुवारीला थिएटरमध्येच जाहीर चर्चा ठेवली. नाटककार तिला नव्हता, तो आजारी होता.

या प्रकरणाची गोष्ट आता अशी सांगितली जाते की एका बाजूला प्रतिभा होती आणि दुसऱ्या बाजूला अडाणी जमाव. हे मला पटत नाही. त्या काळच्या ब्रिटिश रंगभूमीवर आणि व्यंगचित्रांत आयरिश माणूस म्हणजे दारुडा, भांडखोर, अर्धा माकड. स्वराज्य मागणाऱ्या समाजाला ही प्रतिमा पुसायची होती, आणि तिला उत्तर म्हणून त्याने पश्चिमेकडचा गरीब, श्रद्धाळू, आयरिश भाषा टिकवून ठेवलेला शेतकरी डोक्यावर घेतला होता. नेमक्या त्याच शेतकऱ्याला सिंगने दारू पिऊन पितृहत्येचं कौतुक करताना दाखवलं. शिवाय दाखवणारा कोण, तर प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यातला मुलगा. त्याच्या सख्ख्या भावाने जमीनदारांचा कारभारी म्हणून कुळांना घराबाहेर काढलं होतं, आणि चुलता पूर्वी ॲरन बेटांवर प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक म्हणून जाऊन आला होता. 'सिन फेन'चा संपादक आर्थर ग्रिफिथ भडकला त्यात नवल नव्हतं. नाटकाने आमचं नाक कापलं, ही ओरड मराठी वाचकाला नवी नाही. 1972 साली 'घाशीराम कोतवाल'वर जे रान उठलं, त्यातही नाना फडणवीसांच्या आणि एका जातीच्या बदनामीचाच मुद्दा होता.

हीच ओरड अमेरिकेपर्यंत गेली. 1911 च्या नोव्हेंबरात ॲबीच्या मंडळींनी न्यूयॉर्कला प्रयोग केला, तेव्हा स्थलांतरित आयरिश प्रेक्षकांनी रंगमंचावर बटाटे फेकले. दुसऱ्या रात्री माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लेडी ग्रेगरीशेजारी येऊन बसले. 1912 च्या जानेवारीत फिलाडेल्फियात नटांना अश्लील नाटक केल्याबद्दल अटक झाली. खटला टिकला नाही. पण त्यानंतर हा वाद विझला. आपल्या मुलखाबद्दल काय दाखवलं याचा राग, तो मुलूख स्वतंत्र झाल्यावर आणि त्याची पत वाढल्यावर, आपोआप ओसरतो. सिंगच्याच 'इन द शॅडो ऑफ द ग्लेन'वर 1903 मध्ये असाच गदारोळ झाला होता; ते नाटक आज अभ्यासकांपलीकडे फारसं कोणी बघत नाही. दंग्यामुळे 'प्लेबॉय'ला नाव मिळालं, आयुष्य मिळालं ते दुसऱ्या कशामुळे.

दुसरं उत्तर भाषेचं. ते जास्त गंभीर आहे. सिंगचा जन्म 1871 चा, डब्लिनजवळचा. आधी तो व्हायोलिनच्या मागे होता, संगीत शिकायला जर्मनीत गेला होता. मग पॅरिसला साहित्याच्या नादी लागला. तिथे येट्सने त्याला ॲरन बेटांवर जायचा सल्ला दिला. 1898 पासून पुढची काही वर्षं तो तिकडे जात राहिला, बहुतेक इनिशमान बेटावर. ट्रिनिटीत शिकलेली पुस्तकी आयरिश तिथे त्याच्या कानावर जिवंत पडली. या नाटकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की विकलोमधल्या एका जुन्या घरात तो राहत असताना जमिनीच्या फटीतून खालच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणींचं बोलणं त्याला ऐकू येई, आणि लिहिताना त्याचा उपयोग झाला.

हे वाचून टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. साहेब वरच्या मजल्यावर पालथा पडून नोकरांचं बोलणं टिपतो, हे चित्र विनोदी आहेच. आणि नाटकातल्यासारखं सलग, लयदार, प्रतिमांनी ओथंबलेलं कोणी मेयोत बोलत नव्हतं, हा आक्षेपही खरा आहे. पण सिंगला ध्वनिमुद्रण करायचं नव्हतं. त्याने आयरिश वाक्याचा सांगाडा घेतला आणि त्यावर इंग्रजी शब्द चढवले. जे ठसवायचं ते आधी येतं, 'आणि' लावून वाक्य पुढे वाढत जातं, देवाचं नाव शिवीसारखं आणि शिवी आशीर्वादासारखी येते. नटासाठी हे संवाद कठीण असतात, कारण श्वास कुठे घ्यायचा हे लेखकाने सांगितलेलं नाही. चुकीच्या जागी थांबलं की सगळं गोडगोड गाणं होऊन बसतं. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात हे नाटक बऱ्याचदा तसंच झालं: स्वच्छ धुतलेल्या शाली, गोड हेल, पर्यटकांना आवडणारा आयर्लंड. गॉलवेच्या ड्रुइड थिएटरने 1975 मध्ये आपली सुरुवातच या नाटकाने केली आणि दिग्दर्शिका गॅरी हाइन्सने ते पुढे पुन्हा पुन्हा केलं. 1982 च्या तिच्या प्रयोगाची चर्चा आजही होते. तिने नाटकाला त्याची घाण, थंडी आणि गरिबी परत दिली, आणि तेच संवाद एकदम धारदार झाले. 2005 मध्ये ड्रुइडने सिंगची सहाही नाटकं एकाच दिवसात करून दाखवली. सदतिसाव्या वर्षी, 1909 मध्ये, वारलेल्या लेखकाचं सगळं नाट्यलेखन एका दिवसात मावतं.

तरीही भाषा हे पुरं उत्तर नाही. भाषेवर उभं असलेलं नाटक दुसऱ्या भाषेत कोसळायला हवं. हे कोसळलं नाही. बर्लिनर आन्सांबलने 1956 मध्ये ते जर्मनमध्ये केलं. हाइनरिश ब्यॉल आणि त्याची पत्नी ॲनेमारी यांना त्याचं जर्मन भाषांतर करावंसं वाटलं. मुस्तफा मटुराने 1984 मध्ये तेच कथानक त्रिनिदादमधल्या रमच्या दुकानात नेलं, आणि 'प्लेबॉय ऑफ द वेस्ट इंडीज' स्वतःच्या पायावर उभं राहिलं. 2006 मध्ये डब्लिनच्या पॅन पॅन कंपनीने ते बीजिंगमध्ये मँडरिनमध्ये आणलं. गुत्त्याच्या जागी तिथे केस कापण्याचं दुकान होतं. 2007 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, बिसी आडिगुन आणि रॉडी डॉइल यांच्या रूपांतरात ॲबीच्याच रंगमंचावर पळून आलेला तरुण नायजेरियन झाला. म्हणजे बोली बदलली, हवामान बदललं, जळण बदललं, तरी काहीतरी तसंच चालत राहिलं. ते काहीतरी रचनेत आहे, आणि माझ्या मते खरं उत्तर तिथेच सापडतं.

बीज ॲरनमधलं आहे. सिंगने 'द ॲरन आयलंड्स' या पुस्तकात नोंदवलेल्या कथेप्रमाणे कॉनाक्टमधल्या एका माणसाने संतापाच्या भरात फावड्याच्या घावाने बापाला मारलं आणि तो या बेटांवर पळून आला. बेटवाल्यांनी त्याला लपवलं आणि अमेरिकेला पाठवून दिलं. त्यामागे एक विचार होता. माणूस असं काही करतो ते भान हरपल्यावरच, आणि मग तो स्वतःच खचलेला असतो. त्याला इंग्रजांच्या कायद्याच्या हाती देऊन काय साधणार? त्याच्या जोडीला 1894 मधलं ॲकिल बेटावरचं लिंचहॉन प्रकरण होतं. लिंचहॉनने एका जमीनदार बाईवर भयंकर हल्ला केला, तुरुंगातून पळाला, अमेरिका गाठली आणि तिथल्या आयरिश लोकांत वीर ठरला. मेयो हा जमीनदारांविरुद्धच्या चळवळीचा मुलूख. 1880 मध्ये कॅप्टन बॉयकॉटला वाळीत टाकलं ते इथेच. पोलिसांपासून माणूस लपवणं ही इथे जवळजवळ सार्वजनिक जबाबदारी होती.

सिंगने या बीजात एक फरक केला. त्याच्या गावाला गुन्हेगाराची दया येत नाही, त्याला गोष्ट हवी असते. पहिल्या अंकात क्रिस्टी मॅहन काही बोलायला तयार नसतो, तेव्हा गुत्त्यातली मंडळी अंदाज बांधतात: चोरी केली असेल, जमीनदाराच्या माणसाला मारलं असेल, खोटी नाणी पाडली असतील, नाहीतर बोअर लोकांच्या बाजूने इंग्रजांशी लढला असेल. प्रत्येक अंदाजात त्यांची स्वतःची भूक दिसते. शेवटी मालकाची मुलगी पेगीन त्याला डिवचते की तू काहीच केलेलं नाहीस. तेव्हा त्याच्या तोंडून खून बाहेर पडतो. सुरुवातीला तो एका घावाची साधी गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी पोरींसमोर हातवारे करत सांगताना बाप गळ्यापर्यंत चिरला जातो, आणि पुढे कमरेच्या पट्ट्यापर्यंत. श्रोत्यांनी तोंडात बोट घातलं की सांगणाऱ्याचं शस्त्र लांब होतं.

याला जोड म्हणून सिंगने विधवा क्विन ठेवली आहे. तिनेही नवऱ्याला मारलंय, जुन्या गंजक्या कुदळीने, आणि जखम चिघळून तो पुढे मेला. पण तिचं कोणी कौतुक करत नाही. तिचा खून गावातला, सगळ्यांना तपशिलासह माहीत असलेला. क्रिस्टीचा खून दुरून आलेला, म्हणून भव्य. ही विधवा नाटकातली सगळ्यात शहाणी व्यक्ती आहे आणि माझी सगळ्यात आवडती. ती कोणाच्याच गोष्टीला फसत नाही. डोक्याला फडकं बांधलेला म्हातारा मॅहन, म्हणजे न मेलेला बाप, मुलाला शोधत दारात उभा राहतो, तेव्हा ती क्षणात हिशेब मांडते: हे गुपित राखायचे मला काय मिळतील?

म्हाताऱ्याच्या तोंडून कळतं की हा वीर म्हणजे मुलींना घाबरणारा, आरशात बघून वेडावणारा, दारूच्या वासानेच झिंगणारा पोरगा. घावाचं कारणही भव्य नाही. बापाला त्याचं लग्न एका वयस्क विधवेशी लावायचं होतं, जिने त्याला तान्हेपणी दूध पाजलं होतं. तिची झोपडी आणि पैसा डोळ्यांपुढे ठेवून. आणि तरीही खोटी गोष्ट काम करून गेलेली असते. गावाने वीर म्हटल्यामुळे क्रिस्टी खरोखरच किनाऱ्यावरच्या शर्यती जिंकतो, पेगीनशी असं बोलतो की तीही आपण कोण आहोत हे विसरते. इथपर्यंत नाटक ऐन भरात असलेला विनोद आहे आणि प्रेक्षक गावाच्या बाजूने आहे. बाप मेलेला नाही, म्हणून हसायला परवानगी आहे.

मग बाप सगळ्यांसमोर येतो, गाव क्रिस्टीवर उलटतं, आणि गेलेली पत परत मिळवायला तो बापाला दुसऱ्यांदा घाव घालतो, या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. घाव तोच, बाप तोच, फावडंही तसंच. पण गाव घाबरतं. त्याला दोरीने बांधतं, फासावर चढवायला निघतं, आणि त्याचा पाय जळत्या पीटच्या ढेपेने भाजते ती पेगीन. ऐकलेल्या पराक्रमात आणि परसात झालेल्या खुनात केवढं अंतर आहे, हे तीच बोलून दाखवते.

सिंगचं कसब इथे आहे. त्याने प्रेक्षकाला गावाच्या शेजारी बसवून दोन अंक हसवलंय, खुनाचं वर्णन जितकं लांबत गेलं तितकं जास्त हसवलंय, आणि आता त्याच प्रेक्षकाला दुसऱ्या घावापुढे आणून ठेवलंय. हसू थांबतं ते नेमकं कुठे, हे प्रत्येक प्रयोगात वेगळं असतं. 1907 च्या डब्लिनमधल्या प्रेक्षकांनी आरडाओरडा सुरू केला तो या घावावरून नाही, त्यानंतर आलेल्या एका कपड्याच्या उल्लेखावरून. संध्याकाळभर खुनाची मजा चालली होती तेव्हा ते शांत होते. त्यांच्या रागाची मी वर बाजू घेतली, पण हे विसंगत होतंच. आणि ही विसंगती त्यांच्यापुरती नाही. दूरच्या हिंसेची चविष्ट गोष्ट ऐकणं आणि दाराशी आलेल्या हिंसेबाबत कानावर हात ठेवणं, हे दोन्ही आपण एकाच दिवसात करतो. म्हणूनच रूपांतरं चालतात. त्रिनिदादचं रमचं दुकान असो की डब्लिनच्या उपनगरातला पब, बाहेरून आलेल्या माणसाची भयंकर गोष्ट तिथे लोकांना हवीच असते.

या नाटकावर सिद्धांतांचा ढीगही पडला आहे. कोणाला त्यात ईडिपस दिसतो, कोणाला नायकाच्या नावामुळे ख्रिस्त. काहींना गाव क्रिस्टीवर उलटतं त्यात आयर्लंडने आपला नेता पार्नेल याला डोक्यावर घेऊन मग खाली आपटल्याची आठवण येते. डेक्लन कायबर्डने 'इन्व्हेंटिंग आयर्लंड' (1995) या पुस्तकात क्रिस्टीच्या प्रवासाला वसाहतीच्या मुक्तीचे टप्पे लावून दाखवले आणि वसाहतवादावर लिहिणाऱ्या फ्रान्त्स फॅननशी नातं जोडलं. हे वाचन बुद्धिमान आहे. माझी अडचण त्यातल्या शेवटच्या टप्प्याशी आहे, जिथे क्रिस्टी स्वतःचा मालक झालेला मुक्त माणूस ठरतो. रंगमंचावर काय दिसतं? म्हातारा मॅहन दुसऱ्यांदाही मरत नाही, रांगत आत येतो, आणि बापलेक निघून जातात. फरक एवढाच की आता हुकूम मुलगा सोडतो आणि बापाला ते आवडतं. सत्तेची खुर्ची तीच, बसणारा बदलला. याला मुक्ती म्हणायला मन घेत नाही. सिंगला तरी ती तशी दिसत होती का, शंका आहे.

प्रेक्षकाच्या मनात जास्त रेंगाळते ती मात्र पेगीन. पहिल्या प्रयोगात ती भूमिका मॉली ऑलगुडने केली, मॉइरा ओनील या नावाने. सिंगचं तिच्याशी लग्न ठरलं होतं, ते कधी झालं नाही. पेगीन नाटकाच्या सुरुवातीला लग्नासाठी कापडचोपड मागवणारी यादी लिहीत बसलेली असते. नवरा म्हणून ठरलेला शॉन किओ हा चुलत नात्यातला, फादर रायली काय म्हणतील याच्या धाकात जगणारा. हा फादर रायली संपूर्ण नाटकात एकदाही दिसत नाही आणि सगळं गाव त्याच्या सावलीत वावरतं. खरं तर शॉनला सिंगने फारच सहज खेळणं केलंय, त्याला भित्रेपणापलीकडे काही दिलेलंच नाही. पण पेगीनची कोंडी त्यामुळे स्वच्छ दिसते. तिच्यासमोर बाहेर पडायचा एकच दरवाजा होता आणि तो तिनेच बंद केला. क्रिस्टीला वीर कोणी केलं, तर तिनेच डिवचून केलं. त्याला भाजलं तेही तिनेच. शेवटी तो मोठा होऊन निघून जातो आणि जिच्या शब्दांवर तो मोठा झाला ती गुत्त्यातच राहते. 1962 च्या चित्रपटात शिव्होन मकेनाने ही भूमिका केली. 2011 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये रूथ नेगाने. आयरिश नट्यांत ही भूमिका मोठी परीक्षा मानली जाते.

नाटकाचा वारसा आयर्लंडमध्येच सगळ्यात वात्रट झाला. मार्टिन मॅकडोनाने 1990 च्या दशकात पश्चिम आयर्लंडवर लिहिलेल्या नाटकांत खून, चहा आणि विनोद एकत्र शिजतात. 'द लोनसम वेस्ट'चं शीर्षकच 'प्लेबॉय'मधून उचललेलं आहे, आणि त्यातल्या एका भावाने बापाला खरोखर गोळी घातलेली आहे. सिंगच्या तुलनेत मॅकडोना जास्त थंड आहे. त्याचा प्रेक्षक शेवटपर्यंत हसतच राहतो, तिथे दुसरा घाव येत नाही.

दिग्दर्शकांची खरी अडचण शेवटच्या मिनिटात आहे. क्रिस्टी गेल्यावरचा पेगीनचा आक्रोश इतका प्रसिद्ध की बहुतेक प्रयोग त्याच्याकडेच पळत सुटतात आणि त्याच्या आधीचं विसरतात. बापलेक बाहेर पडल्यावर पहिलं बोलतो तो पेगीनचा बाप, मायकल जेम्स. थोड्या वेळापूर्वी त्याच्या दारात एक खून झाला, निदान तसं वाटलं, आणि एका पोराला फासाकडे नेलं जात होतं. त्याला समाधान एवढंच की आता शांतपणे पिता येईल, आणि तो मुलीला दारू भरायला सांगतो. शॉन म्हणतो, आता फादर रायली आपलं लग्न लावायला मोकळे. पेगीन त्याच्या कानाखाली वाजवते. ही तीन वाक्यं घाईत उडवली की पेगीनचं रडणं प्रेमभंगाचं होऊन बसतं. ती नीट, सावकाश, कोरडेपणाने म्हटली तर कळतं की ती कशावर रडतेय: उद्या सकाळीही याच माणसांना हीच दारू वाढायची आहे.